अ‍ॅनिमे-रसिकांचे संमेलन आणि डोंगरी तालुक्यातील तरुण

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा डोंगरी तालुका. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावरील हा प्रदेश अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. नव्या गोष्टी येथे एके काळी उशिराने पोहोचत. आता मोबाइलच्या पडद्यावरून जपानमधील चित्रमालिकाही वाड्यावस्त्यांवर येऊन ठेपल्या आहेत. वहीच्या मागील पानावर मोठ्या डोळ्यांची, ताठ केसांची पात्रे उमटू लागतात. आणि एखाद्या दिवशी महाविद्यालयात जाणारा मुलगा वा मुलगी मित्रमैत्रिणींसमवेत मुंबईच्या संमेलनास जाण्याची परवानगी मागते. हे संमेलन म्हणजे काय आणि तेथे खर्च करून जाण्याने पदरात काय पडते, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न प्रथम गावातील शिक्षकांकडे व पंचायत सदस्यांकडे येतो. त्यांना योग्य सल्ला देता यावा, यासाठी या विषयाची ओळख करून घेणे उचित ठरेल.

अ‍ॅनिमे म्हणजे काय?

‘अ‍ॅनिमे’ हा ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाचा जपानी संक्षेप होय. चित्रे क्रमाने दाखवून ती हलत असल्याचा भास निर्माण करणे, हे या कलेचे मूळ तत्त्व. चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र चित्र काढावयाचे म्हटले, तर वेळ आणि पैसा अफाट लागतो. १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही साप्ताहिक मालिका सुरू झाली. एकच चित्र दोन-तीन चौकटी कायम ठेवून सेकंदाला १२ किंवा ८ चित्रांत काम भागविण्याची काटकसर तिच्यामुळे रूढ झाली. आवाज, पार्श्वभूमी आणि कथानक यांच्या बळावर चित्रांची उणीव भरून निघाली. याच तेझुका यांनी गौतम बुद्धांच्या जीवनावर १९७२ ते १९८३ या काळात प्रदीर्घ चित्रकथा रचली.

अ‍ॅनिमे ही सर्वस्वी लहान मुलांसाठीच असते, हा समज मात्र योग्य नव्हे. बालकांसाठी, किशोरांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी, अशा तिन्ही प्रकारच्या कृती त्यात आहेत. म्हणूनच वयाची सूचना पाहून निवड करणे अगत्याचे आहे.

परंपरा परकी नाही

चित्राला चालते करण्याचा ध्यास महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगपेटीतील काड्या हलत्या दाखविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि त्याच दशकात तिने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. तेथे घडलेले राम मोहन पुढे जपानच्या युगो साको यांच्यासमवेत रामायणावरील अ‍ॅनिमे चित्रपटाचे सहदिग्दर्शक झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. राम मोहन यांना २०१४ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

संमेलनाचे स्वरूप

या प्रकारच्या मेळाव्यांत सर्वांत ख्यातनाम मेळावा टोकियोचा ‘कॉमिकेट’ होय. २१ डिसेंबर १९७५ रोजी तो प्रथम भरला, तेव्हा हौशी चित्रकथाकारांचे ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे जमली होती. डिसेंबर २०१९ मधील चार दिवसांच्या मेळाव्यात उपस्थितीची बेरीज साडेसात लाखांच्या घरात गेली. भारतात ‘कॉमिक कॉन’ या नावाचा मेळावा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरला. चित्रकथांबरोबरच अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनाही तेथे हक्काचे स्थान मिळाले.

अशा ठिकाणी पुस्तकांची व वस्तूंची दालने असतात, चित्रकारांची मेजे असतात, परिसंवाद होतात आणि आवडत्या पात्राचा वेष करून तरुण मंडळी वावरतात. या वेषधारणेस ‘कॉस्प्ले’ म्हणतात. जपानी लेखक नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये हा शब्द रूढ केला. करूळ घाट उतरला की लागणाऱ्या सिंधुदुर्गात दशावतारी कलावंत आपला चेहरा आपणच रंगवतात. त्या प्रदेशाच्या शेजाऱ्यांना सोंगाचे हे वेड अनोळखी वाटू नये. संमेलनाची कल्पनाही आपल्या परिचयाची आहे. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ मध्ये पुण्यात भरले आणि १९३२ चे साहित्य संमेलन कोल्हापुरात झाले. समान आवडीच्या माणसांनी एकत्र येणे, ग्रंथ पाहणे, लेखकास भेटणे, हाच दोन्हींचा गाभा आहे. गावात या विषयावर बोलावयास कोणीच नसलेल्या मुलाला तेथे समानधर्मी भेटतात, हे या प्रवासाचे पहिले फलित होय.

पाहणारा आणि करणारा

कॉमिकेटचा एक संकेत विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे ‘ग्राहक’ कोणी नसतो. पुस्तिका काढून विकणारा, ती घेणारा आणि व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक, हे सर्व ‘सहभागी’ मानले जातात. आज पुस्तिका घेणारा मुलगा पुढील वर्षी स्वतःची पुस्तिका घेऊन येऊ शकतो. संमेलनाचे खरे सामर्थ्य यात आहे. उलटपक्षी, व्यापारी दालनांच्या गर्दीत खिसा रिकामा करून, चार खेळणी व शेकडो छायाचित्रे घेऊन परतणे, हेही तितकेच शक्य आहे. गाव तेच, तिकीट तेच. परंतु एक मुलगा कलेचा उमेदवार होऊन परततो, तर दुसरा केवळ गिऱ्हाईक होऊन. हा फरक पुष्कळ अंशी निघण्यापूर्वीच्या तयारीने ठरतो.

प्रवासाची तयारी

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. एस. टी. ने तेथपर्यंत आणि पुढे महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून मुंबई गाठता येते. अल्पवयीन मुलांसमवेत जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. प्रवेशिका अधिकृत ठिकाणाहून आगाऊ घ्यावी. प्रवास, निवास, भोजन आणि खरेदी यांचा खर्च निघण्यापूर्वीच कागदावर मांडावा. मित्रांचा गट असल्यास चुकामूक झाल्यावर भेटण्याची जागा ठरवून ठेवावी. वेषासोबतची शस्त्रे पुठ्ठ्याची वा फोमची असावीत आणि आयोजकांचे नियम आधी वाचावेत. वेषधारी व्यक्तीचे, विशेषतः मुलींचे, छायाचित्र अनुमतीवाचून घेऊ नये. मुख्य म्हणजे स्वतःच्या चित्रांची वही सोबत न्यावी आणि चित्रकारांच्या मेजापाशी थांबून शाई, कागद, संगणक आणि मेहनताना यांविषयी प्रश्न विचारावेत.

गावपातळीवर काय करता येईल?

ज्यांना मुंबई गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शाळा पुष्कळ काही करू शकते. जुन्या वहीच्या कोपऱ्यावर उडत्या पक्ष्याची २४ चित्रे थोड्याथोड्या फरकाने काढून पाने भराभर सोडली, की अ‍ॅनिमेशनचे तत्त्व मुलांच्या हाती येते. त्यास पैशाचाही खर्च नाही. स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रकथांचे एक दालन ठेवता येईल. गगनगडाची कथा, घाटातील पाऊस, रानातील प्राणी हे त्यांचे विषय होऊ शकतात. ग्रामपंचायतीस वाचनालयात चित्रकथांचा एक कप्पा ठेवता येईल. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांस मुलांना बसविणे, ही या वाटेवरची पहिली पायरी आहे. पुढील कलाशिक्षणासाठी कोल्हापुरात दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट व कलानिकेतन यांसारख्या संस्था आहेत.

शासनस्तरावरही या क्षेत्राची दखल घेतली गेली आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ शिखर परिषदेच्या निमित्ताने अ‍ॅनिमे व मांगा, म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथा, यांची स्पर्धा घेण्यात आली. तीत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट होता. अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम व संगणकीय खेळ या उद्योगांविषयीच्या धोरणास महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. धोरणाचा लाभ शहरापुरता राहू नये असे वाटत असेल, तर वहीच्या मागील पानावरील चित्राकडे ‘अभ्यास सोडून चाललेला उद्योग’ म्हणून पाहण्याची सवय प्रथम सोडावी लागेल. शिक्षकाने ते पान उलटून शांतपणे पाहावे आणि पात्राची नक्कल कोठे संपते व मुलाची स्वतःची रेषा कोठे सुरू होते, हे त्यास दाखवून द्यावे. एवढी वाट दाखविलेला विद्यार्थी मित्रांसमवेत संमेलनास गेला, तर तो तेथून काही शिकूनच परतेल.