नमाजच्या वेळा सांगणारे अ‍ॅप आपला ठावठिकाणा कुणाला सांगते?

रमजान जवळ आला की घरोघरी फोनमध्ये एखादे नवे अ‍ॅप येते. सेहरी-इफ्तारच्या वेळा, अजान, किब्ल्याची दिशा, कुरआनची तिलावत, सगळे एकाच ठिकाणी आणि तेही फुकट. अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये ते मुलेच टाकून देतात. परवानगी मागणारी चौकट येते आणि न वाचताच आपण ‘अलाउ’ दाबून मोकळे होतो. आम्हीही हेच करत आलो आहोत. म्हणून त्या एका बटणामागे काय घडते, ते आज समजून घेऊ या.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी माध्यमाने एक बातमी दिली. ९.८ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झालेले ‘मुस्लिम प्रो’ हे अ‍ॅप वापरकर्त्यांच्या लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला देत होते. ही कंपनी तशी माहिती कंत्राटदारांना विकायची आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचायची. आपण लष्कराला थेट काही विकले नाही, असे मुस्लिम प्रोने सांगितले आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपल आणि गूगलने एक्स-मोडचा कोड काढून टाकायला अ‍ॅप बनवणाऱ्यांना बजावले. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या अ‍ॅपबद्दलही अशीच बातमी आली. त्याची माहिती ‘प्रेडिसिओ’ या फ्रेंच कंपनीकडे जात होती.

हे फक्त मुसलमानांच्या अ‍ॅपपुरते नव्हते. पावले मोजणारी, वादळाची खबर देणारी अ‍ॅपही याच यादीत होती. पण नमाजचे अ‍ॅप वापरणारा कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्यासाठी खरी काळजीची गोष्ट ती आहे.

हे चालते कसे? अ‍ॅप बनवायला आणि चालवायला पैसा लागतो. फुकट अ‍ॅपला तो बहुतेक वेळा जाहिरातींतून मिळतो. शिवाय काही कंपन्या अ‍ॅप बनवणाऱ्याला तयार कोडचा एक तुकडा देतात, त्याला ‘एसडीके’ म्हणतात. तो अ‍ॅपमध्ये बसवला की अ‍ॅपला मिळालेली लोकेशनची परवानगी त्या तुकड्यालाही मिळते. जेवढे वापरकर्ते जास्त, तेवढे पैसे जास्त. आपण परवानगी देतो नमाजच्या वेळेसाठी, आणि तिचा फायदा घेतो भलताच कुणी.

‘माहितीत तुमचे नाव नसते,’ असे कंपन्या सांगतात. नाव नसेलही, पण प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक क्रमांक असतो. तो क्रमांक रोज रात्री कुठे थांबतो, ते आपले घर. दिवसभर कुठे असतो, ते कामाचे ठिकाण. शुक्रवारी दुपारी कुठे जातो, ती मशीद. एवढे कळल्यावर नाव शोधायला कितीसा वेळ लागणार?

आता प्रश्न असा की नमाजच्या वेळेसाठी एवढे बारीक लोकेशन लागते का? नाही. वेळा सूर्याच्या स्थितीवरून काढतात आणि रेखांशात १ अंशाचा फरक पडला तर वेळ ४ मिनिटांनी बदलते. मुंबई आणि पुण्यात साधारण एवढाच फरक आहे. म्हणजे शहराचे नाव निवडले की काम झाले, आपली गल्ली सांगायची गरजच नाही. किब्ल्याचेही तेच. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे, आणि फोनमधले होकायंत्र इंटरनेटशिवायही चालते.

सगळीच नोंद वाईट असते, असेही नाही. अ‍ॅप कुठे बंद पडते, कोणते बटण कुणी वापरतच नाही, हे कळले तर सुधारणा करता येते. ‘फायरफॉक्स’सारखा मुक्त ब्राउझरही अशी काही माहिती पाठवतो, पण ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू शकतो. २०२१ मध्ये ‘ऑडॅसिटी’ या आवाज संपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गूगल आणि यांडेक्सच्या मदतीने वापराची नोंद ठेवायचा प्रस्ताव आला. तो सगळ्यांसमोर होता, लोकांनी विरोध केला आणि बेत मागे घ्यावा लागला. फुकट आणि मुक्त यांतला फरक तो हाच. फुकट अ‍ॅपच्या आत काय आहे ते बहुधा दिसत नाही, मुक्त अ‍ॅपमध्ये जाणकाराला ते पाहता येते. ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्त अ‍ॅपचे भांडार तर माग ठेवणाऱ्या अ‍ॅपवर तशी खूणच करते.

मग घरी काय करायचे? आधी सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या अ‍ॅपला लोकेशन दिले आहे ते बघा. नमाजच्या अ‍ॅपचे लोकेशन बंद करा आणि शहर हाताने निवडा. लोकेशन द्यायचेच असेल तर ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ हा पर्याय घ्या आणि ‘प्रिसाइस’ बंद ठेवा. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीखालच्या जाहिरातींच्या सेटिंगमधून जाहिरात क्रमांक पुसता येतो. आयफोनमध्ये ‘ट्रॅकिंग’ची परवानगी बंद करता येते. जे अ‍ॅप महिनोन्महिने उघडलेले नाही, ते काढून टाका.

कायदाही हळूहळू आपल्या बाजूने येतो आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती घेताना कारण सांगावे लागते आणि दिलेली संमती परतही घेता येते. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. अमेरिकेत तर जानेवारी २०२४ मध्ये व्यापार आयोगाने एक्स-मोडला दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा ठिकाणांची संवेदनशील माहिती विकायला मनाई केली.

इजाजत घेतल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. फोनही आता घरच झाला आहे. आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे काढा आणि अम्मी-अब्बांचा फोन हातात घ्या. ते अ‍ॅप आपणच टाकून दिले होते, तर त्याचे दार लावायची जबाबदारीही आपलीच.