बारा इंचांच्या पानात रत्नागिरी

डिजिटल स्क्रॅपबुकचं पान बहुधा १२ बाय १२ इंचांचं असतं. छपाई नीट यावी म्हणून इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे पान झालं ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं. कुठला फोटो किती मोठा ठेवायचा हे याच गुणाकाराने ठरतं.

समजा पान रत्नागिरीच्या सहलीचं आहे. रत्नदुर्गावरून दिसणारा समुद्र, थिबा राजवाडा, भाट्याच्या पुळणीवर खेळणारी मुलं आणि कोपऱ्यात आजी-आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो. समुद्राला ६ बाय ४ इंचांची चौकट दिली, तर फोटो हवा १८०० बाय १२०० पिक्सेलचा. मोबाइलवरचा फोटो बहुतेक वेळा ४००० बाय ३००० असतो, म्हणजे तो लहानच करायचा आहे. न करता तसाच टाकला तरी चालतं, पण असा एकेक फोटो संगणकाच्या मेमरीत सुमारे ३६ एमबी जागा खातो. पानावर दहा फोटो झाले की संगणक अडखळू लागतो.

लहान करण्याआधी क्रॉप करा. मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, आपली चौकट ३:२ ची. म्हणजे उंचीतले सुमारे ३३३ पिक्सेल जाणारच. वरचं आभाळ कापायचं की खालचे खडक, हे आपण ठरवावं, प्रोग्रामवर सोडू नये. मग आकार बदलताना रुंदी आणि उंची साखळीच्या खुणेने जोडलेली आहेत ना, ते पाहा. साखळी तुटलेली असताना नुसती रुंदी वाढवली, की किल्ल्याजवळचं दीपगृह बुटकं दिसतं आणि मुलांचे चेहरे पसरट होतात. दीपगृहाचं एक वेळ खपून जाईल, चेहऱ्याचं लगेच डोळ्यांत भरतं.

फोटोच्या माहितीत ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, दिसलं म्हणून घाबरू नका. तो नुसता लिहून ठेवलेला आकडा आहे. खरे मोजायचे ते पिक्सेल.

खरी अडचण येते ती नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंची. पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरली, तर तो जेमतेम सव्वापाच इंचांपर्यंत सुबक छापला जाईल. पानभर ताणला तर प्रोग्राम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. तपशील वाढत नाही, चित्र पुसट होतं. त्यापेक्षा मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तो उरलाच नसेल, तर त्या फोटोला पानावर लहान जागा द्या.

आजी-आजोबांच्या फोटोसाठी मी सर्वांत जास्त वेळ देईन. कोकणातल्या दमट हवेत जुन्या फोटोंवर बुरशी धरते, कधी फोटो काचेलाच चिकटतो. चिकटलेला ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. २ बाय ३ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर ६०० बाय ९०० पिक्सेल मिळतात, पानावर पुन्हा २ बाय ३ इंचच. ६०० वर केला तर १२०० बाय १८००, म्हणजे ४ बाय ६ इंच. तेवढ्यात आजीच्या नथीतले मोतीही ओळखू येतात. स्कॅनची मूळ फाइल टिफमध्ये वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. बुरशीचे डाग पुसायचे ते प्रतीवर.

जेपेग फाइल दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी बिघडते. म्हणून लहान केलेली प्रत नव्या नावाने ठेवा. लहान केल्यावर चित्र किंचित मऊ वाटतं. हलकं शार्पन तेव्हाच, अगदी शेवटी करा. घरच्या ग्रुपवर पाठवायला पूर्ण पानाची १६०० बाय १६०० ची वेगळी प्रत पुरेशी आहे. छापायला मात्र ३६०० चीच द्या. छापल्यावर कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा चेहरे आणि मजकूर कडेपासून निदान पाव इंच आत असू द्या.