'थिंग'ची गोष्ट

आज दिवसभर एक गंमत करून बघा. तुमच्या ग्रुपमध्ये 'थिंग' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. 'द थिंग इज...', 'इट्स नॉट माय थिंग, यार', 'सेम थिंग!' दुपारपर्यंत तुम्ही मोजणं सोडून द्याल. अस्सल मराठीत गप्पा चालल्या असल्या तरी हा पाहुणा मध्येच टपकतोच. नेमका शब्द आठवत नसला, की म्हणायचं 'थिंग' आणि पुढे जायचं.

पण हा आळशी वाटणारा शब्द एकेकाळी भलताच वजनदार होता. हजार-बाराशे वर्षांपूर्वी उत्तर युरोपात 'थिंग' म्हणजे वस्तू नव्हे, तर सभा! लोक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, उघड्यावर जमायचे. जमिनीचे तंटे, चोऱ्या, खून, नवे कायदे, सगळ्याचा निकाल तिथेच लागायचा. इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, आइसलँडिक या सगळ्या एकाच जर्मॅनिक कुटुंबातल्या भाषा आणि हा शब्द त्या सगळ्यांकडे आहे. जर्मन आणि डचमध्ये तो 'डिंग' होतो, डॅनिश-स्वीडिशमध्ये 'टिंग'. त्याचा अगदी मूळ अर्थ 'नेमलेली वेळ' असा असावा, असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात.

पांघरुणाखालचा निर्णय

या सभांमध्ये सगळ्यांत गाजलेली आइसलँडची. साधारण 930 साली तिथे देशभराची सभा सुरू झाली. तिचं नाव 'अल्थिंग', म्हणजे सगळ्यांची थिंग. जागेचं नाव थिंगवेलिर, म्हणजे थिंगचं मैदान. दर उन्हाळ्यात लोक घोड्यांवरून यायचे आणि दोनेक आठवडे तळ ठोकायचे. सुरुवातीला कायदे लिहिलेले नव्हते. मग 'कायदा सांगणारा' अधिकारी खडकावर उभा राहून ते तोंडपाठ म्हणायचा. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत पोर्शन पूर्ण. आपल्या परीक्षा परवडल्या म्हणायच्या!

1000 सालच्या सुमारास याच मैदानावर देश दुभंगायची वेळ आली. एका बाजूला जुने देव मानणारे, दुसऱ्या बाजूला नव्याने ख्रिस्ती झालेले. शेवटी दोघांनी निर्णय कायदा सांगणाऱ्या थोरगेरवर सोपवला. तो स्वतः जुन्या देवांचा भक्त. जुन्या इतिहासात लिहिलंय, की तो पांघरूण घेऊन एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, कुणाशी अवाक्षर बोलला नाही. मग उठून त्याने लोकांना बोलावलं. कायद्याचे दोन तुकडे झाले तर शांततेचेही होतील, असं त्याने समजावलं आणि निकाल दिला स्वतःच्याच देवांविरुद्ध. सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं, पण घरात कुणी गुपचूप जुनी पूजा केली तर चालवून घ्यायचं. लोकांनी तो मानला.

अर्थात 'सगळ्यांची थिंग' खरोखर सगळ्यांची नव्हती. निर्णय पुरुषांच्या, त्यातही सरदारांच्या हातात असायचे. त्याच अल्थिंगमध्ये पहिली स्त्री सदस्य निवडून आली ती 1922 साली!

सभेची वस्तू कशी झाली?

आधी थिंग म्हणजे सभा. मग सभेपुढे आलेला मुद्दा म्हणजे थिंग. मग कुठलाही मुद्दा, कुठलीही बाब, आणि शेवटी टेबलावरचा चमचासुद्धा थिंग. हे फक्त याच शब्दाचं झालं नाही. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला. त्याचीच इटालियनमध्ये 'कोझा' झाली, म्हणजे पुन्हा 'वस्तू'.

इंग्रजी जुना अर्थ विसरली, पण नावं विसरली नाहीत. डेन्मार्कची संसद 'फोल्केटिंग', म्हणजे लोकांची थिंग. नॉर्वेची 'स्टोर्टिंग', म्हणजे मोठी थिंग. आइसलँडची संसद आजही 'अल्थिंग'च आहे, 63 सदस्यांची. इंग्लंडमध्ये निवडणूक प्रचाराला 'हस्टिंग्ज' म्हणतात, त्यातही ही थिंग लपली आहे. उत्तर इंग्लंडमध्ये सापडलेल्या रोमन काळातल्या शिलालेखात 'मार्स थिंग्सस' असा थिंगशी जोडलेला देव भेटतो. जर्मन मंगळवार 'डीन्सटाग' त्याच्यावरून आला, असं मानतात. मार्स म्हणजे कोण? आपला मंगळ! वार तोच, वाट वेगळी.

आणि आपली 'गोष्ट'?

आता खरी मजा. 'थिंग'ला मराठीत काय म्हणाल? गोष्ट. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा; आपला 'गोठा' तिथूनच आला. 'गोष्ठी' म्हणजे लोकांनी जमून बसणं आणि मग जमून केलेलं बोलणं. मराठीत तिची 'गोष्ट' झाली. आधी बोलणं, मग ज्याबद्दल बोलायचं तो विषय, मग आजी सांगते ती कहाणी आणि शेवटी 'ट्रेकला लागणाऱ्या गोष्टींची यादी कर' मधली कुठलीही वस्तू. 'चार गोष्टी सुनावल्या' म्हणताना आपण अजून तोच जुना, बोलण्याचा अर्थ वापरतो. 'थिंग' आणि 'गोष्ट' यांचं रक्ताचं नातं नाही, हे लक्षात ठेवा. हजारो मैलांवरच्या दोन भाषा आपापल्या पायांनी चालत एकाच मुक्कामाला पोहोचल्या.

म्हणजे दोन्हीकडे लोक आधी जमले, बोलले, भांडले. आणि ज्यावर बोलले ती 'गोष्ट' ठरली. आपण मात्र बैठक विसरलो आणि वस्तू तेवढी धरून बसलो. तुमचं नाव गावाच्या मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, तुमच्याच गावची थिंग! शेवटचे कधी गेला होतात?

आणि ग्रुपवर 'द थिंग इज...' एवढंच टाइप करून कुणी गायब झालं, तर त्याला सरळ कट्ट्यावर बोलवा. थिंग म्हटल्यावर समोरासमोर बसायला नको?