गुडघे टेकल्यावर दिसणारा कुत्रा

एलियट अर्विट यांनी १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टोपी घातलेला चिमुकला चिवावा समोर पाहतो आहे. शेजारी एका बाईचे बूट आणि ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचे पुढचे पाय. कॅमेरा जमिनीलगत उतरल्याने इवल्याशा जिवाला चेहरा मिळाला आणि थोरामोठ्यांचे फक्त पाय उरले.

नवशिका मात्र उभ्यानेच फोटो काढतो. मग डोके मोठे, पाय आखूड आणि नजर लाचार दिसते. ही लाचारी कुत्र्याची नसते, आपल्या उंचीची असते. म्हणून आधी गुडघे टेकावेत आणि त्याच्या डोळ्यांवर फोकस साधावा.

दुसरी अडचण रंगाची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे असल्याचे गृहीत धरतो. त्यामुळे चौकट भरणारा काळा कुत्रा राखाडी होतो, पांढरा मळकट दिसतो, आणि उन्हाच्या अंगणातला काळा कुत्रा नुसता डाग उरतो. अशा वेळी त्याला मोकळ्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि प्रकाश त्याच्या चेहऱ्यावरच मोजावा. फ्लॅश टाळावा, कुत्र्याच्या डोळ्यांतला परावर्तक पडदा तो उलटा फेकतो आणि डोळ्यांचे दिवे होतात. धावत्या कुत्र्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद हवे.

कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. तो गेल्यावर अल्बममध्ये काळा डाग उरावा की त्याची नजर, हे आज आपण किती खाली वाकतो त्यावर ठरते.