टाहलीवरचा पतंग: एका शतकाहून अधिक काळाचा मागोवा

टाहली हा पंजाबचा राज्यवृक्ष. आपल्या शिसवीची ही उत्तरेकडची बहीण चंदीगडजवळच्या खरडच्या परिसरात बांधांवर आणि कालव्याकाठी पिढ्यान् पिढ्या उभी आहे. तिच्या पानांवर जगणाऱ्या इवल्याशा, करड्या-तपकिरी पतंगाचं शास्त्रीय नाव प्लेकॉप्टेरा रिफ्लेक्सा. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ग्युने यांनी १८५२ मध्ये त्याचं वर्णन केलं.

वसंतात टाहलीला पालवी फुटली की मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते. हिरवी अळी हिरव्या पानात सहज दिसत नाही. फांदी हलवली की मात्र रेशमी धाग्याला लोंबकळत खाली येते. झाडाखालच्या पाचोळ्यात किंवा मातीत तिचा कोष होतो. एका वर्षात अशा अनेक पिढ्या होतात. अळ्यांनी एकदा ओरबाडलेलं झाड पुन्हा पालवतं. पण तीही पालवी गेली की वाढ खुंटते.

बांधावरच्या चार झाडांवर पक्षी आणि परजीवी कीटक या अळीला आवर घालतात. चित्र पालटलं ते रोपवनांमुळे. रेल्वे इंजिनांना जळण हवं म्हणून १८६६ मध्ये लाहोरजवळ छांगा मांगा रोपवनाची लागवड सुरू झाली. कालव्याच्या पाण्यावर टाहलीच टाहली वाढली आणि पतंगाला आयती मेजवानी मिळाली. पंजाबच्या रोपवनांत त्याची गणना मोठ्या किडींत होऊ लागली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले बीसन यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या वनकीटकांचा सविस्तर अभ्यास मांडला.

पुढे शेतकरी झटपट पैसा देणाऱ्या पॉप्लर या झाडाकडे वळले. त्याच्यामागोमाग क्लोस्टेरा हा दुसरा पतंग आला. त्याची मादी अंडी पुंजक्याने घालते. लहान अळ्या घोळक्याने पानांची जाळी करतात, मोठ्या झाल्या की पानच फस्त करतात. झाड बदललं, पतंग बदलला, एकसुरी लागवडीची खोड तीच राहिली. दरम्यान उत्तर भारतात मर रोगाने असंख्य टाहल्या वाळल्या.

आज खरडमध्ये शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. तिथे रस्त्याकडेला नवी झाडं लावताना टाहलीसोबत तुती, शिरीष, बाभूळ आणि कडुनिंबही लावायला हवेत. म्हणजे पतंगही राहील आणि झाडही तगेल.