चाकांतील हवामापकाचें कवच

आमचे वाडवडील बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली कीं तिच्या आवाजावरून ओळखीत आणि लोहाराकडे जात. रबरी चाकांची हवा मात्र आम्ही आजही डोळ्यांनीं किंवा फार तर लाथ मारून तपासतों. हल्लींच्या पुष्कळ मोटारींत या कामीं चाकाच्या आंतच एक लहानसा पहारेकरी बसविलेला असतो. तो हवेचा दाब मोजतो व बिनतारी लहरींनीं गाडीच्या यंत्रास कळवितो. दाब उतरला म्हणजे चालकासमोर पिवळा दिवा लागतो. हा पहारेकरी ज्या पेटींत राहतो त्या पेटीविषयीं चार शब्द लिहिण्याचें कारण आमच्याच घरीं घडलें.

तीन वर्षांपूर्वीं आम्हीं एक जुनी मोटार घेतली. तिच्या चारही चाकांत असे हवामापक होते, हें आम्हांस ठाऊकही नव्हतें. पुढें तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत मागील डाव्या चाकाचें पंक्चर काढिलें आणि त्याच दिवसापासून पिवळा दिवा लागूं लागला. दुकानदारास विचारतां तो म्हणाला, “काका, तो दिवा असाच लागत राहतो. गाडीला कांहीं होत नाहीं.” चिरंजीवांनीं दिव्यावर काळी चिकटपट्टी लाविली. दोन महिन्यांनीं ते सूनबाईंस घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणीं डॉक्टरांकडे निघाले होते. सूनबाईंस सातवा महिना होता. त्याच चाकांत खिळा जाऊन हवा हळूहळू उतरत होती. भर उन्हांत, हमरस्त्यावर टायर तापून फाटला, गाडी फिरली व कडेच्या कठड्यास घासून थांबली. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं; पण सूनबाईंस तीन दिवस दवाखान्यांत देखरेखीखालीं राहावें लागलें. मागाहून चाक उघडलें तेव्हां हवामापकाची पेटी दुभंगलेली आढळली. तिच्या पाठीवर लोखंडी पहारीचा व्रण स्पष्ट होता. रस्त्यानें नव्हे, पंक्चर काढतांना पहारीनें तिचा घात केला होता.

नोकरींत असतां पंचनामे पुष्कळ लिहिले. सवयीनें या पेटीचाही मनांतल्या मनांत पंचनामा केला आणि ती कशी व कां अशी घडविली आहे याचा शोध घेतला. शोध घेतल्यावर कारागिरांविषयीं आदर वाटूं लागला.

प्रथम तिच्यावरील भार पाहूं. साधारण मोटारीच्या चाकाची त्रिज्या तीस सेंटीमीटर धरली, तर ताशीं शंभर किलोमीटर वेगास तें चाक दर सेकंदास सुमारें पंधरा फेरे घेतें. पेटी आंसापासून वीसएक सेंटीमीटरांवर रिमला असते. गोफणींतला धोंडा जसा बाहेर ओढ घेतो तशी तीही घेते, आणि ही ओढ तिच्या वजनाच्या सुमारें पावणेदोनशें पट भरते. म्हणजे तीस ग्रॅमची वस्तू पांच किलोहून अधिक जड होऊन आपल्या आधारास लटकते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. त्यावर खड्ड्यांचे हादरे आहेत, ब्रेकची उष्णता आहे. म्हणून या वस्तू उणें चाळीस अंशांपासून सव्वाशें अंशांपर्यंतच्या तपमानास टिकतील अशा बेतानें करतात.

धातूची पेटी केली असती तर ती मजबूत झाली असती, असें प्रथम वाटतें. परंतु धातूच्या बंद पेटींतून बिनतारी लहरी बाहेर पडत नाहींत. पहारेकरी आंतल्या आंत ओरडत बसेल. म्हणून पेटी प्लॅस्टिकची, पण साध्या प्लॅस्टिकची नव्हे. नायलॉनमध्यें कांचेचे बारीक तंतू मिसळून ती ओततात. मातीच्या भिंतींत भुसा घातल्यानें भिंत जशी धरून राहते तसाच हा प्रकार आहे. नायलॉनचा एक दोष असा कीं तें हवेंतील ओल शोषून किंचित् फुगतें. यासाठीं कांहीं कारखानदार ओल कमी पिणारीं दुसरीं प्लॅस्टिकें वापरतात. पेटीच्या आंत मोजणारें यंत्र, लहरी सोडणारी तार व नाण्याएवढी लिथियमची बॅटरी बसवून उरलेल्या पोकळींत राळेसारखा रस ओततात. तो घट्ट झाला म्हणजे आंतील कांहींच हलत नाहीं व ओलही शिरत नाहीं. कोषागाराच्या पिशवीवर आम्ही लाखेची मोहोर करीत असूं, तिची आठवण झाली. हा रस निवडणेंही सोपें नाहीं. उष्णतेनें तो पेटीपेक्षां किंवा यंत्रापेक्षां फार अधिक फुगला, तर आंतील नाजूक सांधे त्यानेंच तुटावयाचे.

या मोहोरबंदीमुळें बॅटरी बदलतां येत नाहीं. ती सात-आठ वर्षांनीं, कधीं थोडी अलीकडे-पलीकडे, संपली कीं सबंध वस्तूच टाकावी लागते. हें मला आवडलें नाहीं. परंतु झांकण उघडतें ठेवलें तर तेथूनच पाणी शिरेल, हेंही खरें. बॅटरी पुरावी म्हणून गाडी उभी असतां हवामापक बहुतांशीं निजून असतो आणि चाक फिरूं लागलें कीं जागा होतो.

सर्व बाजूंनीं बंद केलेल्या या पेटीस एक छिद्र मात्र ठेवावेंच लागतें. हवा आंत गेल्याखेरीज दाब मोजणार कसा? ह्या छिद्रांत साबणाचें पाणी अगर पंक्चर बुजविण्याचा चिकट द्रव गेला तर पहारेकऱ्याचे कानच बंद होतात. येथें एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या सरकारनें जुलै २०२० मध्यें नियमांत दुरुस्ती करून, साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या वाहनांस ट्यूबविरहित टायर, असा हवामापक व पंक्चर दुरुस्तीचें साहित्य असेल त्यांस जादा चाक बाळगण्याची सक्ती काढून टाकली. त्या दुरुस्तीच्या साहित्यांत पुष्कळदां हाच चिकट द्रव असतो! तेव्हां तो वापरल्यास पुढें चाक उघडून पेटी पुसून घ्यावी.

पेटी बहुधा हवा भरण्याच्या व्हॉल्वच्या बुडास जोडलेली असते. व्हॉल्व कांहीं ठिकाणीं रबराचा, कांहीं ठिकाणीं ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमच्या नळींत पितळेची साधी पिन घातली, अगर वर पितळेचें टोपण बसविलें, तर ओल लागून दोन धातूंचें वैर सुरू होतें. गंज चढून तें अडकतें आणि काढतांना नळीच मोडते. कोंकणच्या खाऱ्या हवेंत तर हें लवकर व्हावयाचें. यास्तव पिन निकेलचा मुलामा दिलेली व टोपण प्लॅस्टिकचें असावें. टायर काढण्याच्या वेळीं व्हॉल्वचें रबरी वायसर बदलावें हें उत्तम.

परदेशांत ही वस्तू सक्तीनें आली. अमेरिकेंत २००० सालीं फायरस्टोन कंपनीनें सुमारें पासष्ट लाख टायर परत मागविले. फोर्डच्या एका गाडीवर ते फाटून अनेक माणसें दगावलीं होतीं. त्याच वर्षीं तेथें कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या मोटारीस हवेची सूचना देणारी योजना आवश्यक ठरली. युरोपांत नव्या मोटारींना ही अट २०१४ मध्यें पूर्णपणें लागू झाली. अमेरिकेच्या नियमांत दिव्याची खूण ठरवून दिली आहे, ती आपल्या वाचकांनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाडी सुरू करतांच दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर योजनाच बिघडली आहे. आरंभापासून स्थिर असेल तर हवा कमी आहे. आमचा दिवा लुकलुकत असे. तो “पहारेकरी मेला आहे” असें सांगत होता, आणि आम्हीं त्याच्या तोंडावर पट्टी बांधली.

ट्रॅक्टरविषयीं कोणी विचारील म्हणून सांगतों. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांच्या टायरांत ट्यूब असते, त्यामुळें रिमवर बसणाऱ्या या पेटीस तेथें जागा नाहीं. शिवाय वजनासाठीं मागील चाकांत पाणी भरतात व पाण्यांतून ह्या लहरी नीट पार होत नाहींत. व्हॉल्वच्या टोपणाच्या जागीं बाहेरून बसविण्याचे हवामापक मिळतात. परंतु उसाच्या रानांतील बुडखे आणि चिखल यांपुढें ते किती टिकतील याची मला शंकाच आहे. तेथें हातांतला साधा गेजच बरा.

नवा हवामापक आम्हीं दुसऱ्या गांवीं बसवून घेतला. खर्च तीन हजारांच्या आंतबाहेर आला. प्रत्येक पेटीस स्वतःचा क्रमांक असतो व तो गाडीच्या यंत्रास शिकवावा लागतो. फेरफार मंजूर झाल्याखेरीज सातबाऱ्यावर नांव चढत नाहीं, तसेंच हें. कारागीर जाणता होता. टायरची कड रिमपासून सोडवितांना त्यानें यंत्राचा दाब व्हॉल्वच्या नेमका समोरच्या बाजूस दिला, व्हॉल्वजवळ पहार म्हणून लाविली नाहीं, आणि नट ठराविक ताणाच्या पान्यानें आंवळला. पंक्चर काढावयाचें झाल्यास आतां मी स्वतः गाडीजवळ उभा राहतों व चाकास हात लावण्यापूर्वीं सांगतों कीं, “बाबा, ह्या व्हॉल्वच्या मागें पेटी आहे.” कांहीं जण हंसतात. चिरंजीवांनीं दिव्यावरची चिकटपट्टी सूनबाईंच्या समोरच काढिली. पण कांचेवर तिचा डिंक राहिला आहे, तो अजून निघत नाहीं.