वार्धक्यातील उच्च रक्तदाब आणि दाह : गिरणगावाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

उच्च रक्तदाबाच्या आधुनिक उपचारांच्या इतिहासात परळला मानाचे स्थान आहे. येथील के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. या रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. आयुर्वेदाला परिचित असलेल्या या वनस्पतीमुळे रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांच्या पद्धतशीर नोंदींच्या आधारे दाखवून दिले. १९५७ मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या काळी रक्तदाबाचा विचार प्रामुख्याने हृदय, मूत्रपिंड आणि चेतासंस्था यांच्या अनुषंगाने होत असे. गेल्या काही दशकांत त्यात रोगप्रतिकार यंत्रणेची भर पडली आहे. प्रस्तुत लेखात वृद्धांमधील उच्च रक्तदाब आणि दाह यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन केले आहे.

दाह म्हणजे काय?

जखम झालेले बोट लाल होते, सुजते, गरम होते आणि ठणकते. हा तीव्र दाह होय. तो संरक्षक असून काम संपताच शमतो. याउलट, शरीरात वर्षानुवर्षे मंदपणे धुमसणारा दाह डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन रक्तात वाढलेले आढळणे, ही त्याची एक खूण मानली जाते. वय वाढते तसे जीर्ण पेशींचे प्रमाण वाढते, पोटाभोवतीची चरबी दाहकारक द्रव्ये स्रवू लागते आणि प्रतिकार यंत्रणेचा समतोल ढळतो. इटालियन शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये या वयोजन्य दाहाची संकल्पना मांडली.

दाहामुळे रक्तदाब कसा वाढतो?

या प्रक्रियेचे तीन टप्पे सांगता येतील. पहिला टप्पा रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचा. निरोगी अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवतो. दाहामुळे हे द्रव्य घटते आणि वाहिनी आकुंचित राहते. दुसरा टप्पा वाहिनीच्या भित्तिकेचा. दीर्घकालीन दाहामुळे तिच्यातील लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा ताठर तंतू घेतात आणि महाधमनी कडक होते. म्हणूनच उतारवयात वरचा, म्हणजे आकुंचनी रक्तदाब वाढतो. खालचा मात्र पुष्कळदा स्थिर राहतो किंवा उतरतो. तिसरा टप्पा मूत्रपिंडाचा. तेथे शिरलेल्या प्रतिकारपेशींमुळे मीठ बाहेर टाकण्याची क्षमता मंदावते.

हे चक्र उलट दिशेनेही फिरते. वाढलेला दाब वाहिनीच्या भित्तिकेला इजा करतो आणि त्या इजेतून पुन्हा दाह उद्भवतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे रुग्णापुरते ठरवणे अवघड असते.

पुरावा आणि त्याच्या मर्यादा

२००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, लसिकापेशी नसलेल्या उंदरांमध्ये अँजिओटेन्सिन देऊनही रक्तदाब अपेक्षेइतका चढला नाही. टी-पेशी टोचल्यावर मात्र तो चढला. पुढील संशोधनातून असेही दिसले की, अनुकंपी चेतातंतूंचे संदेश या पेशींना उद्दीपित करतात. सर्पगंधेतील रेसरपिन हे द्रव्य याच चेतातंतूंवर कार्य करते, ही बाब लक्षणीय आहे. मानवी पातळीवर, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात ज्यांचे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन अधिक होते, त्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाणही अधिक आढळले.

तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जनुकीय अभ्यासांनुसार सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हे स्वतः कारण नसून खूण असावी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील चाचणीत एका दाहरोधक औषधाने हृदयविकाराचे झटके कमी केले. परंतु त्याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात रक्तदाब उतरल्याचे दिसले नाही. सारांश, दाह हा उच्च रक्तदाबाचा एक घटक आहे, एकमेव उगम नव्हे.

गिरणगावातील वास्तव

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या वस्त्यांत चाळींतून वाढलेली पिढी आज वृद्धत्वात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या वेळी तरुण असलेले गिरणी कामगार आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा दाहजन्य विकार होतो, हे सर्वज्ञात आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. धूळ मात्र बांधकामाची आणि वाहनांच्या धुराची झाली. सूक्ष्म धूलिकण दाह आणि रक्तदाब या दोहोंना चालना देतात.

तंबाखूचा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुंबईतील सुमारे एक लाख प्रौढांच्या पाहणीत सुमारे ६९ टक्के पुरुष आणि ५७ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. स्त्रियांमधील सेवन प्रायः मिश्रीसारख्या धूरविरहित प्रकारांचे होते. मिश्रीने हिरड्यांना इजा पोहोचते आणि हिरड्यांचा जुनाट दाह हा उच्च रक्तदाबाशी निगडित आहे. आहारात लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील यांतून मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे.

एक धोकादायक गैरसमज

दाह रक्तदाब वाढवतो, म्हणून दाहशामक गोळी घेतल्यास तो उतरेल, असा तर्क सहज मनात येतो; परंतु तो चुकीचा आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडातील उपयुक्त द्रव्ये घटवून शरीरात मीठ व पाणी साठवतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधांचा प्रभावही क्षीण होतो. चाळीचे तीन जिने चढताना गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी अशा प्रकारे पक्षाघाताचा धोका वाढवू शकते. तेव्हा अशा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेणे इष्ट होय.

समारोप

'वय झाले, रक्तदाब वाढणारच' ही समजूत शास्त्राला मान्य नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, केवळ वरचा रक्तदाब वाढलेल्या साठीपुढील रुग्णांना औषध दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. म्हणजेच दाहाविषयीचे संशोधन अपूर्ण असले तरी उपचार थांबण्याचे कारण नाही. नियमित औषधे, मिठावर नियंत्रण, तंबाखूचा त्याग, दातांची निगा, रोजचे चालणे आणि नियतकालिक मोजमाप हे उपाय आजही हाताशी आहेत. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून परिसरातील वृद्धांचा रक्तदाब मोजण्याचे आणि त्यांच्या घरातील गोळ्यांची विचारपूस करून गरजूंना डॉक्टरांकडे पाठवण्याचे काम हाती घेतल्यास, ज्ञान आणि समाज यांतील अंतर काही अंशी कमी होईल.